कानाच्या एका घडीवर तीन आठवडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 29, नोकरी चालू, तीन वर्षं निभतील एवढी शिल्लक जमलेली. एका लहान कला अकादमीत प्रवेश मिळतोय. तिथे वीसेक विद्यार्थी आणि दोन शिक्षक आहेत, आणि शिकवण्याची रीत एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या स्टुडिओंची आहे. पहिलं वर्षभर रंगाला हात लावायचा नाही. आधी छापील रेखाटनांच्या नकला, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून काम, जोडीला मॉडेल, म्हणजे समोर स्थिर बसलेला किंवा उभा जिवंत माणूस. विचारणाऱ्याच्या मनात तीन शंका आहेत. एवढा काळ नक्कल करण्यात घालवावा का, त्यात स्वतःची शैली मारली जाईल का, आणि अकादमी चांगली की वाईट हे बाहेरून ओळखायचं कसं.

मी अशाच एका ठिकाणी चार वर्षं शिकले आणि गेली सोळा वर्षं शिकवते आहे. माझं उत्तर आहे, जा. पण काय मिळवायला जाताय ते नीट समजून जा. पुतळे विकत मिळतात, कोळसा मिळतो, तंत्र समजावणारे व्हिडिओ घरबसल्या बघता येतात. अकादमीत मिळते आणि एरवी सहसा मिळत नाही अशी गोष्ट एकच, ती म्हणजे दुरुस्ती. कोणीतरी जाणकार माणूस तुमच्या जागी, तुमच्याच पायांच्या खुणांवर उभा राहतो, दोन मिनिटं काही न बोलता बघतो आणि सांगतो की ही रेष केसभर डावीकडे गेलीय. तुम्ही त्याच जागेवरून आठवडाभर बघत होतात आणि तुम्हाला ते दिसलं नव्हतं. आता दिसतं, आणि एकदा दिसलं की डोळा त्यावरून हलत नाही. सगळा अभ्यासक्रम या क्षणासाठी रचलेला आहे.

पहिल्या वर्षी मी प्लास्टरच्या एका कानावर तीन आठवडे अडकले होते. मायकेलअँजेलोच्या डेव्हिड या पुतळ्याचं नाक, डोळा, ओठ, कान असे सुटे भाग अशा अकादमींमध्ये सर्रास असतात, त्यातलाच हा कान. वरची घडी माझ्या कागदावर सारखी जड दिसायची. मी ती पुसायचे, पुन्हा काढायचे, सावली गडद करायचे, परत फिकी करायचे. रोज घरी जाताना वाटायचं आज जमली, आणि सकाळी दारातून आत येतानाच कळायचं की नाही जमली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आमच्या बाई आल्या, खुणेवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घडी बरोबर आहे. पाळी लहान झालीय." पाळी दोन मिलिमीटर खाली ओढली आणि वरची घडी हलकी झाली. तिला मी हातही लावला नव्हता.

चूक दिसते एकीकडे आणि असते भलतीकडेच. हे वाचून पटतं, पण हाताला कळायला मला ते तीन आठवडे लागले. आजही एखादा विद्यार्थी मला चुकलेली जागा बोटाने दाखवतो तेव्हा मी आधी तिथे न बघता तिच्या समोरची बाजू बघते.

आता नकलांविषयी. छापील चित्रावरून सुरुवात करण्यामागे साधं कारण आहे. मूळ चित्र सपाट आहे, ते हलत नाही, त्यावरचा उजेड बदलला तरी रेष बदलत नाही, आणि कुठली रेष ठेवायची, कुठली गाळायची हा निर्णय आधीच एका कसलेल्या माणसाने घेतलेला आहे. म्हणजे तुमच्यापुढे एकच काम उरतं, ते म्हणजे अंतरं आणि कोन बरोबर पारखणं. शार्ल बार्ग याने झां-लेओं जेरोम या चित्रकाराच्या साथीने नेमक्या याच हेतूने 197 शिळाछापांचा संच केला; तो 1866 ते 1871 या काळात पॅरिसमध्ये निघाला. पहिल्या भागात 70 पानं प्लास्टरच्या पुतळ्यांची, दुसऱ्यात 67 जुन्या-नव्या थोर चित्रकारांच्या रेखाटनांची, तिसऱ्यात 60 उभ्या-बसलेल्या पुरुष मॉडेल्सची. डावीकडे मोजक्या सरळ रेषांमध्ये बांधलेला सांगाडा आणि उजवीकडे पूर्ण चित्र अशी यातली बरीच पानं आहेत. तुमच्या अकादमीतल्या नकला बहुधा यातूनच असतील.

व्हॅन गॉगने 1880 मध्ये चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा तो 27 वर्षांचा होता. बेल्जियमच्या खाणी असलेल्या भागात राहून त्याने बार्गची पानं गिरवली. वयाची आणि शैलीची, दोन्ही शंका त्याच्या उदाहरणावर तपासून बघा.

तरीही एक अट घालते. नक्कल तेव्हाच उपयोगी, जेव्हा ती तपासली जाते. तपासणाऱ्याविना पंचवीस पानं उतरवली तर पंचवीस वेळा तीच चूक पक्की होते. माझ्या पहिल्या पानाला रोज तीन तास धरून सहा आठवडे लागले, पाचव्या पानाला दोन. हात वेगवान झाला म्हणून हे झालं नाही. पहिल्या पानावर मी प्रत्येक बाह्यरेषा तीन-चारदा चुकीच्या जागी काढत होते. पाचव्या पानावर पहिलीच रेष जागेच्या जवळ पडू लागली होती.

पुतळ्यांकडे वळलात की बहुतेक ठिकाणी साइट-साइज पद्धत शिकवतात. ईझल, म्हणजे कागद लावायची उभी चौकट, पुतळ्याच्या अगदी शेजारी ठेवायचं, कागद उभा, पुतळ्याला समांतर. मग मागे सरकून अशा जागी उभं राहायचं की पुतळा आणि कागद एका नजरेत मावतील. पुतळ्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतर लागतं. जमिनीवर पायांभोवती टेप चिकटवायची. बघायचं फक्त तिथूनच. चित्र काढायला पुढे जायचं, एक खूण करायची, पुन्हा मागे येऊन बघायचं. हातात ओळंबा, म्हणजे दोऱ्याला बांधलेलं वजन. त्यावरून कळतं की नाकपुडीच्या कडेच्या बरोबर खाली हनुवटीचा कुठला भाग येतो. या जागेवरून चित्र आणि वस्तू एकाच मापाची दिसतात, त्यामुळे चूक झाकायला जागाच राहत नाही. दिवसाला किती पावलं पडतात हे पहिल्या आठवड्यात पाय सांगतात. चांगले बूट घाला, हे मी गंभीरपणे सांगतेय.

दुसरी रीत तुलनेची. डोक्याची उंची एक माप धरायची आणि बाकी शरीर त्याच्या पटीत मोजायचं. हिच्यात चित्र कुठल्याही आकाराचं काढता येतं आणि जागा अडत नाही. काही अकादमी एकीलाच पवित्र मानतात. मी दोन्ही शिकवते. आधी साइट-साइज, कारण तिथे डोळा लवकर प्रामाणिक होतो.

रेषेनंतर छायाप्रकाश, आणि माझ्या मते अभिजात शिक्षणाचं खरं वैभव इथे आहे. खिडकीतल्या उजेडाची झळाळी आणि टेबलाखालचा अंधार यांच्यात निसर्गात जेवढं अंतर असतं, त्याचा लहानसा हिस्साच कागद आणि कोळसा दाखवू शकतात. कागदाहून उजळ काही तुमच्यापाशी नाही, कोळशाहून काळं काही नाही. तेव्हा दिसेल तसं उतरवणं मुळातच अशक्य. पायऱ्या दाबून बसवाव्या लागतात, आणि त्या कशा दाबायच्या हा कलेचा निर्णय असतो. नवशिका विद्यार्थी सावलीत डोकावून बघतो, तिथला परावर्तित उजेड त्याला छान चमकताना दिसतो आणि तो ती जागा उजळ करतो. गोल गाल लगेच फुटक्या भांड्यासारखा दिसू लागतो. डोळे बारीक करून बघा: सावलीतली सगळ्यात उजळ जागासुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद जागेहून गडदच राहते. प्लास्टर पांढरं असल्यामुळे ते वस्तूच्या स्वतःच्या रंगाचा गोंधळ काढून टाकतं आणि हा हिशेब उघडा करतं. म्हणून पुतळे. पुतळा वळतो तिथे, उजेड संपून सावली सुरू होण्याच्या पट्टीवर, मी विद्यार्थ्यांना दिवसेंदिवस थांबवते. ती पट्टी कपाळावर मऊ असते, नाकाच्या हाडावर कडक, पापणीखाली पुन्हा मऊ. त्या कडांमधला फरक हाताला कळला की पुढे तैलरंगात अर्धं काम झालेलं असतं.

कोळसा वेलीचा किंवा विलोच्या काड्यांचा, हवा लागू न देता भाजलेला. त्यात चिकटवणारं काही नसल्याने तो पिसाने झटकला तरी निघतो, आणि पहिल्या वर्षी हीच त्याची मोठी देणगी. दाबून केलेला कोळसा जास्त काळा, पण पुसायला हट्टी; तो शेवटी वापरा. टोक ब्लेड आणि सँडपेपरने सुईसारखं लांब करा.

मॉडेलचा वर्ग सकाळी असेल तर उत्तम, डोळा ताजा असतो. एकच बैठक चार-सहा आठवडे चालते. मॉडेल वीस-पंचवीस मिनिटं स्थिर, मग पाच मिनिटं विश्रांती. इथे तुम्हाला पुतळ्याने न शिकवलेली गोष्ट भेटते: माणूस खचतो, श्वास घेतो, दुसऱ्या तासाला खांदा दोन बोटं खाली येतो. कुठला खांदा काढायचा ते पहिल्याच दिवशी ठरवून त्यावर ठाम राहावं लागतं. मॉडेलच्या पायांभोवतीच्या खुणा, खोलीतली ऊब, विश्रांतीची वेळ यांची काळजी जिथे घेतली जात नाही, मॉडेलचे फोटो विनापरवानगी काढले जातात, ती अकादमी मी विद्यार्थ्यांना सुचवत नाही. तिथली चित्रं कितीही देखणी असोत.

रंग साधारण दुसऱ्या वर्षी येतो, आणि तोही आधी पांढऱ्या-काळ्यात. मग मोजका पॅलेट, म्हणजे रंगांच्या पाटीवर मोजकेच रंग. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्नच्या 1896 च्या स्वतःच्या व्यक्तिचित्रात त्याच्या हातातल्या पॅलेटवर चारच रंग दिसतात: पांढरा, पिवळी गेरू, सिंदुरी लाल, काळा. या चौघांत निळा नाही, पण लाल-पिवळ्याच्या शेजारी काळा आणि पांढरा मिसळून केलेली करडी छटा निळसर वाटते. त्वचेचे रंग यातून आश्चर्य वाटावं इतके मिळतात. मी विद्यार्थ्यांना वर्षभर यातच ठेवते, कारण चार रंगांत चूक झाली तर ती उजळ-गडदपणाची आहे की छटेची, हे लगेच कळतं.

तैलरंग वाळतात ते पाणी उडून जाऊन नव्हे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यामुळे खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा हा नियम पाळावाच लागतो, नाहीतर वरचा थर आधी आवळतो आणि चिरतो. अंबर हा मातकट तपकिरी रंग लवकर वाळतो, हस्तिदंती काळा फार सावकाश; म्हणून तो काळा खालच्या थरात जाड लावू नका. झिंक पांढरा तैलरंगात काळाच्या ओघात ठिसूळ होतो, त्यापासून दूर राहिलेलं बरं. शिशाचा पांढरा सुंदर आहे आणि विषारी आहे; तो कोरडा घासायचा नाही, जेवायच्या हातांना लागू द्यायचा नाही.

आता या शिक्षणाची उणी बाजू. स्थिर वस्तू, स्थिर उजेड, ठरलेली जागा यांची इतकी सवय होते की पुतळा काढून घेतला की विद्यार्थी गोंधळतो. मी स्वतः चौथ्या वर्षाअखेर एक डोकं फार सुरेख रंगवू शकत होते आणि धावणारं मूल मला काढता येत नव्हतं. त्याचं मला खूप वाईट वाटलं, आणि ती उणीव भरून काढायला पुढची काही वर्षं गेली. हा दोष परंपरेचा नाही, तिच्यातला एक तुकडाच उचलण्याचा आहे. पॅरिसमध्येच ओरास लकॉक द ब्वाबोद्रां नावाचे शिक्षक मुलांकडून आठवणीतून रेखाटन करून घेत. बघायचं, पाठ फिरवायची, मग काढायचं. शिल्पकार रोदँ आणि चित्रकार फान्तँ-लातूर त्यांचे विद्यार्थी. म्हणून अकादमीत असतानाच रोज वीस मिनिटं आठवणीतून काढा, आठवड्यातून एकदा दोन-दोन मिनिटांच्या बैठका घ्या, शरीररचना हाडांपासून शिका, आणि महिन्याला एक तरी रचना स्वतःच्या मनातून करा, कितीही कच्ची असली तरी. अकादमी हे करवत नसेल तर तुम्ही करा.

शैली मरण्याची भीती मला रास्त वाटते, पण ती चुकीच्या जागी धरलेली आहे. पुतळ्यामुळे कोणाची शैली जात नाही. ती जाते शिक्षकाच्या हातामुळे. फ्रेंच चित्रकार मातीस 1891 मध्ये पॅरिसच्या अकादमी ज्युलियाँ या कलाशाळेत चित्रकार बुगरोच्या हाताखाली गेला आणि तिथे त्याचं जमलं नाही. पुढे तो ग्युस्ताव्ह मोरो या चित्रकाराकडे शिकला, आणि मोरोने त्याला लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. नकला तिथेही होत्याच. शिकवणारा माणूस वेगळा होता.

यावरून अकादमी कशी पारखायची ते येतं. भिंतीवरची सगळ्यात चांगली चित्रं बघून भाळू नका. ती दोन-तीन विलक्षण विद्यार्थ्यांची असू शकतात. पहिल्या वर्षाच्या अखेरीला असलेल्या साध्या विद्यार्थ्याचं काम दाखवा म्हणा, आणि त्याच विद्यार्थ्याचं प्रवेशाच्या वेळचंही. या दोनमधलं अंतर हीच अकादमीची गुणवत्ता. मग वर्गात एक दिवस नुसतं बसायची परवानगी मागा आणि दुरुस्तीची वेळ बघा. शिक्षक विद्यार्थ्याच्या जागी उभा राहतो की लांबूनच बोलतो? काय चुकलं ते सांगतो की विद्यार्थ्याच्या हातातून कोळसा घेऊन स्वतः रेष मारतो? अडलेल्या वेळी कधीतरी एखादी रेष मारून दाखवणं मला मान्य आहे, पण जिथे प्रत्येक चित्रावर शिक्षकाचा हात फिरतो तिथली चित्रं छान होतात आणि विद्यार्थी तसेच राहतात. "तुला काय वाटतं, कुठे चुकलंय?" हा प्रश्न तुमच्या कानावर पडला तर ती जागा चांगली आहे. दर विद्यार्थ्यामागे आठवड्याला किती वेळा दुरुस्ती होते हेही थेट विचारा. माझ्या अनुभवात दोनपेक्षा कमी असेल तर चूक घट्ट व्हायला लागते.

शेवटच्या वर्षाची दहा चित्रं शेजारी ठेवून बघा. दहाही एकाच हातची वाटली तर सावध व्हा. आणि शिक्षकाचं स्वतःचं अलीकडचं काम बघा. जो स्वतः अजून काढतो, त्याच्या दुरुस्तीत जिवंतपणा असतो.

खोली बघा. खिडकी उत्तरेची असली की ऊन थेट आत येत नाही, उजेड दिवसभर बराचसा सारखा राहतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेला हेच दक्षिणेच्या खिडकीचं. पण कर्कवृत्त आणि विषुववृत्त यांच्या मधल्या प्रदेशात जूनच्या आसपास दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकतो आणि उत्तरेच्या खिडकीतही ऊन शिरतं, तेव्हा तिथे पातळ पांढरा पडदा आहे का ते बघा. दिवे वापरत असतील तर ते सगळे एकाच छटेचे हवेत. हवा खेळती आहे का? टर्पेंटाइनचा वास दारातच नाकात भरला तर तिथे तीन वर्षं काढणं तुमच्या छातीला बरं नाही. आणि तेलाने भिजलेल्या चिंध्या कुठे टाकतात ते विचारा. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळा करून टाकलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. झाकणाचा धातूचा डबा आणि त्यात पाणी असायला हवं. जिथे हा डबा नाही तिथे बाकीच्या काळजीविषयीही मला शंका येते.

पदवीचं थोडक्यात. बऱ्याच लहान अकादमींचं प्रमाणपत्र विद्यापीठाच्या पदवीच्या तोडीचं धरलं जात नाही. पुढे नोकरीसाठी कागद लागणार असेल तर प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. नोकरी सोडण्याआधी सुट्टीतला किंवा संध्याकाळचा एखादा छोटा वर्ग करता आला तर जरूर करा.

आणि राजीनामा देण्याआधी घरी एवढं करून बघा. एक अंडं पांढऱ्या कागदावर ठेवा, एकच दिवा डावीकडून वरून, खोलीतला बाकी उजेड बंद. बसायच्या जागेवर आणि खुर्चीच्या पायांभोवती खुणा करा. एकाच कागदावर बारा दिवस, रोज एक तास, तेच अंडं. पहिल्या दिवसाच्या अखेरीला चित्राचा फोटो काढून ठेवा आणि बाराव्या दिवसापर्यंत तो बघू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी बहुतेकांना वाटतं की चित्र झालं, आता काही उरलं नाही. तिथून पुढचे दिवस महत्त्वाचे. सहाव्या-सातव्या दिवशी तुम्हाला आपणहून काही नवीन दिसायला लागलं, म्हणजे अंड्याखालची सावली कागदाला टेकते तिथे सगळ्यात गडद आहे किंवा तुमची डावी कड जरा चपटी झालीय असं काही, आणि ते दिसल्यावर पुन्हा बसावंसं वाटलं, तर अकादमीला होकार कळवा. बारा दिवस नुसता कंटाळा आला असेल तर एक वर्ष थांबा, छोट्या बैठकांचा वर्ग शोधा आणि मग हाच प्रयोग पुन्हा करा.